शहराची तहान आणि शिवाराचा ताळेबंद : बंगळुरू परिसराच्या जलनियोजनातून घ्यावयाचा बोध

प्रस्तावना

मार्च २०२४ मध्ये बंगळुरू शहरातील पाणीटंचाई देशभर चर्चेचा विषय झाली. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार शहराची दैनंदिन गरज सुमारे २,६०० दशलक्ष लिटर होती. त्यापैकी सुमारे १,४७० दशलक्ष लिटर कावेरीतून आणि सुमारे ६५० दशलक्ष लिटर कूपनलिकांतून मिळत होते. उरलेली जवळजवळ ५०० दशलक्ष लिटरची तूट होती. शासकीय नोंदीतील सुमारे १४,००० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या होत्या. पिण्याचे पाणी बागेस घालणे किंवा त्याने वाहने धुणे यावर बंदी घालण्यात आली आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला.

या संकटाचा दुसरा भाग शहराच्या सीमेबाहेर होता. २०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटकातील बहुसंख्य तालुके दुष्काळग्रस्त घोषित झाले होते. कावेरीचे पाणी तमिळनाडूस सोडण्याच्या प्रश्नावरून सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथम बंगळुरू बंद आणि पाठोपाठ कर्नाटक बंद पाळण्यात आला. मंड्या भागातील शेतकऱ्यांचे सिंचन, महानगराचे पिण्याचे पाणी आणि नदीच्या खालच्या अंगाच्या राज्याचा हक्क हे तिन्ही प्रश्न एकाच वर्षी एकाच नदीच्या दारी उभे राहिले.

महाराष्ट्रातील पुणे, छत्रपती संभाजीनगर, लातूर, सोलापूर यांसारख्या शहरांभोवतीच्या शेतकऱ्यांना हे चित्र अपरिचित नाही. म्हणूनच बंगळुरू परिसराने पाण्यासाठी कोणते मार्ग अवलंबिले, त्यांपैकी काय टिकले, काय टिकले नाही आणि त्यातून गावपातळीवरील नियोजनास कोणता बोध घेता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूरचना व पावसाची मर्यादा

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावरील जलविभाजक रेषेवर वसले आहे. शहरातून एकही बारमाही नदी वाहत नाही. पावसाचे पाणी वृषभावती, कोरमंगला–चल्लघट्ट आणि हेब्बाळ या तीन प्रमुख दऱ्यांतून उतरते. वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ९७० मि.मी. आहे. तो कमी म्हणता येणार नाही, परंतु उंचवट्यावर पडणारे पाणी स्वभावतःच थांबत नाही. ते थांबवावे लागते.

पूर्वीच्या लोकांनी हे ओळखले होते. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी शहर वसविले, पुढे सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. त्या सर्व काळात शहराची आणि शेतीची भिस्त तलावांच्या साखळीवर होती. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई. तलावाखालील जमीन ओलिताची होई आणि आसपासच्या आडांना पाणी राही. पुढे शहर वाढले तसे तलावांचे क्षेत्र बांधकामाखाली गेले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार. तलावाबरोबर त्यास जोडणारे ओढे बुजले आणि साखळी तुटली. एक तलाव नाहीसा झाला की त्याच्या खालच्या सर्वच तलावांच्या भरण्यावर परिणाम होतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

जवळच्या स्रोताकडून दूरच्या स्रोताकडे

नळाने पाणीपुरवठा करण्याची पहिली मोठी योजना दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, १८९० च्या दशकात अर्कावती नदीवरील हेसरघट्ट तलावावर उभी राहिली. हा स्रोत अपुरा पडू लागल्यावर १९३३ मध्ये त्याच नदीवर खालच्या बाजूस तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय बांधण्यात आला. १९६४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यानंतर १९८२, १९९३, २००२ व २०१२ मध्ये पुढील टप्पे पूर्ण झाले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. २००७ साली महापालिका हद्दीत आलेल्या ११० गावांना या टप्प्याचे पाणी देण्याचे नियोजन आहे. आता कावेरीतून येणाऱ्या पाण्याची एकूण क्षमता सुमारे २,२२५ दशलक्ष लिटर प्रतिदिन आहे.

हे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथून सुमारे १०० कि.मी. अंतर पार करून, तीन टप्प्यांत जवळजवळ ५०० मीटर उंच उचलून आणले जाते. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलण्यास सैद्धांतिकदृष्ट्या १.३६ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास हा आकडा सुमारे २ युनिट होतो. शेतकऱ्यांनी याची तुलना आपल्या कूपनलिकेशी करून पाहावी. ३०० मीटर, म्हणजे सुमारे १,००० फूट खोलीवरून, ४५ टक्के कार्यक्षमतेच्या पाणबुडी पंपाने एक हजार लिटर पाणी काढण्यास सुमारे १.८ युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे शंभर कि.मी. अंतरावरून येणारे शहराचे पाणी आणि हजार फुटांवरून येणारे शेताचे पाणी यांचा विजेचा खर्च जवळजवळ सारखाच आहे. दोन्ही ठिकाणी जवळचा व उथळ साठा हरवल्याची किंमत मोजली जात आहे.

दूरच्या स्रोतास कायद्याचीही मर्यादा असते. कावेरी पाणीवाटप लवादाने २००७ च्या निवाड्यात कर्नाटकास २७० टीएमसी पाणी दिले होते. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात १४.७५ टीएमसीची वाढ केली. त्यातील ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या पिण्याच्या व घरगुती वापरासाठी होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. या हिशेबाने केवळ पाचव्या टप्प्याची क्षमता वर्षभर पूर्ण वापरल्यास सुमारे १० टीएमसी पाणी लागते. मेकेदाटू येथील सुमारे ६७ टीएमसी साठ्याच्या प्रस्तावित जलाशयास तमिळनाडूचा विरोध आहे. पश्चिम घाटातून पूर्वेकडे पाणी वळविणाऱ्या येत्तिनहोळे योजनेत २४ टीएमसी पाणी गृहीत धरले आहे, परंतु भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी प्रत्यक्ष उपलब्धता त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याचा अंदाज मांडला आहे. तिचा पहिला टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला असून खर्चाचा अंदाज २३,००० कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. यावरून असे दिसते की, नवा स्रोत आणणे शक्य असले तरी प्रत्येक नवा स्रोत आधीच्यापेक्षा दूरचा, महाग आणि वादग्रस्त असतो.

अर्कावती का आटली?

हेसरघट्ट आणि तिप्पगोंडनहळ्ळी हे शहराचे जवळचे स्रोत होते. अर्कावतीचे पाणी घटत गेल्याने त्यांचे महत्त्व कमी झाले. असे का घडले, याचा शोध बंगळुरू येथील ‘अत्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी घेतला. त्यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस कमी झाला, तापमान वाढले, नदीपात्रात अडथळे उभे राहिले, निलगिरीची लागवड वाढली किंवा भूजलाचा उपसा वाढला, अशी निरनिराळी कारणे त्यांनी स्वतंत्रपणे तपासली. पाऊस आणि तापमान यांतील बदलांनी प्रवाहातील घट स्पष्ट होत नाही, असे त्यांना आढळले. भूजलाचा उपसा आणि निलगिरीची लागवड हीच अधिक संभाव्य कारणे ठरली. ओढ्यांवरील बंधाऱ्यांचाही काही वाटा असू शकतो, असे त्यांनी नमूद केले.

या निष्कर्षाचा अर्थ शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावा. भूजलाची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असते तेव्हा पावसाळा संपल्यानंतरही झरे ओढ्यास पाणी देत राहतात. पातळी शेकडो फूट खाली गेली की झरे थांबतात आणि पावसाळ्यातील पाणीही तहानलेल्या जमिनीत मुरते. अशा वेळी पाऊस सरासरीइतका पडूनही तलाव रिकामा राहतो. गावागावांत घेतलेल्या हजारो कूपनलिकांचा एकत्रित परिणाम खालच्या जलाशयावर होतो, पण कोणा एकाच्या शिवारात तो दिसून येत नाही. निलगिरीच्या बाबतीत कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली. भूजल उपशाचा प्रश्न मात्र एका आदेशाने सुटण्यासारखा नाही.

खडकातील साठा किती असतो?

बंगळुरू, कोलार व चिक्कबळ्ळापूर हा भाग ग्रॅनाइट व नाइस या कठीण खडकांचा आहे. महाराष्ट्रातील बहुतांश भाग बेसाल्टचा असला तरी दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे : कठीण खडकात पाणी साठण्यास जागा थोडी असते. वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात बहुतेक साठा असतो. त्याखाली केवळ भेगांतून पाणी मिळते. खोल कूपनलिकेस जोरदार पाणी लागले म्हणजे साठा मोठा आहे, असा समज चुकीचा आहे. ती भेग दूरवरचे पाणी ओढून आणत असते. बहुधा ते शेजारच्याच विहिरीचे असते.

झिजलेल्या ग्रॅनाइटमधून निथळून मिळणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या सुमारे १.५ टक्के धरले जाते. त्यावरून पुढील आकडेमोड करता येते.

• एक हेक्टर क्षेत्राखालील पाणीपातळी एक मीटर उतरली, तर केवळ १५० घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर पाणी मिळते.

• टोमॅटोच्या एका पिकास ५०० मि.मी. पाणी दिले, तर हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी लागते.

• वार्षिक पाऊस ७५० मि.मी. आणि त्यातील १० टक्के पुनर्भरण धरल्यास एका हेक्टरवर वर्षाला ७५० घनमीटर पाणी भूगर्भात जाते.

• म्हणजेच एक हेक्टर टोमॅटोसाठी सुमारे ६.७ हेक्टर जमिनीवरील एका वर्षाचे पुनर्भरण खर्ची पडते.

कोलार जिल्हा टोमॅटो, तुती व दुधासाठी प्रसिद्ध असून तेथील टोमॅटो बाजारपेठ देशातील मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. ही समृद्धी मुख्यतः भूजलावर उभी राहिली. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात बंगळुरू शहर, बंगळुरू ग्रामीण, कोलार व चिक्कबळ्ळापूर येथील उपसा वार्षिक पुनर्भरणाच्या शंभर टक्क्यांहून अधिक असून ते अतिशोषित वर्गात मोडतात. वरील आकडेमोड ध्यानात घेता हे का घडले, हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

वापरलेले पाणी पुन्हा शिवारात

शहरास पुरविलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. बंगळुरूत हेच पाणी वर्षानुवर्षे तलावांत जात राहिले. बेळ्ळंदूर तलावावरील फेस आणि २०१७ मधील आग यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. हे सांडपाणी प्रक्रिया करून दुष्काळी जिल्ह्यांच्या तलावांत सोडण्याची कल्पना कोरमंगला–चल्लघट्ट खोरे योजनेत प्रत्यक्षात आली. जून २०१८ मध्ये कोलार जिल्ह्यातील लक्ष्मीसागर तलावात पहिले पाणी पोहोचले. दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी सव्वाशेच्या आसपास तलावांत सोडण्याचे मूळ नियोजन होते. हेब्बाळ–नागवार खोऱ्यातून २१० दशलक्ष लिटर पाणी ६५ तलावांत नेण्याची अशीच दुसरी योजना चिक्कबळ्ळापूर भागासाठी आखण्यात आली. पहिल्या योजनेची पूर्ण क्षमता वर्षभर वापरली गेल्यास ते पाणी सुमारे ५.७ टीएमसी भरते.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की, तलावातील पाणी थेट उपसण्यास शेतकऱ्यांना परवानगी नाही. पाणी तलावात साठावे, जमिनीत मुरावे आणि विहिरी–कूपनलिकांतून वर यावे, अशी रचना आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तलाव भरल्यानंतर परिसरातील भूजलपातळीत वाढ झाल्याचे नोंदविले आहे. अनेक वर्षे कोरड्या असलेल्या विहिरींना पाणी आले आणि सोडून दिलेली शेते पुन्हा लागवडीखाली आली.

तरीही आक्षेप गंभीर होते व आहेत. योजना सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच लक्ष्मीसागर तलावात फेस दिसला आणि उच्च न्यायालयाने पाणी सोडणे तात्पुरते थांबविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. पुढे ती उठली व पुरवठा पुन्हा सुरू झाला. मुख्य आक्षेप असा की, पाण्यावर केवळ दुसऱ्या पातळीपर्यंत प्रक्रिया होते. नत्र, स्फुरद व रोगजंतू कमी करणारी तिसरी पातळी नाही. ज्या भूजलात हे पाणी मुरते, तेच भूजल गावे पितात. भूगर्भात एकदा मिसळलेला नायट्रेट किंवा जड धातू परत काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून प्रमाणाचे यश गुणवत्तेच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे व सातत्याने व्हावयास हवी.

महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. नागपुरात प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी औष्णिक विद्युत केंद्रास दिले जाते, त्यामुळे तेवढे गोडे पाणी वाचते. पुण्यात मुंढवा येथील जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी बेबी कालव्यात सोडले जाते. महापालिका व जलसंपदा विभाग यांच्यातील करारानुसार वर्षाला ६.५ टीएमसी पाणी सिंचनास देणे अपेक्षित आहे. तेथेही हवेली व दौंड भागातील शेतकऱ्यांची तक्रार पाण्याच्या गुणवत्तेविषयीच राहिली आहे.

प्रक्रिया केलेले पाणी वापरताना घ्यावयाची दक्षता

१. पाण्याची विद्युत वाहकता तपासावी. ती ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास क्षारांचा धोका सहसा नसतो. ०.७ ते ३ या दरम्यान पीक व जमीन पाहून वापर करावा. ३ च्या वर असल्यास संवेदनशील पिके टाळावीत. भारी काळ्या जमिनीत सोडियमचे प्रमाणही अवश्य पाहावे, कारण निचरा बिघडल्यास जमीन सुधारण्यास अनेक वर्षे लागतात.

२. पाण्यातील नत्राचा हिशेब खतमात्रेत धरावा. पाण्यात प्रति लिटर २० मि.ग्रॅ. नत्र असेल आणि हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी दिले, तर १०० कि.ग्रॅ. नत्र पाण्यातूनच मिळते. त्यावर पुन्हा पूर्ण शिफारशीत मात्रा दिल्यास पिकाची शाकीय वाढ अतिरिक्त होते, कीड–रोग वाढतात आणि उरलेले नत्र विहिरीत उतरते.

३. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर, काकडी, गाजर यांसाठी असे पाणी टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पिकांसाठी १०० मि.लि. पाण्यात १,००० पेक्षा अधिक विष्ठाजन्य जिवाणू नसावेत, अशी मर्यादा दिली होती. चारा, तुती, फुलपिके, वनशेती व शिजवून खाल्ली जाणारी पिके यांना प्राधान्य द्यावे.

४. फवारा पद्धत टाळून ठिबक वापरावे. गाळणी वारंवार साफ करावी. काढणीपूर्वी काही दिवस असे पाणी देणे बंद करावे. शेतात काम करणाऱ्यांनी बूट व हातमोजे वापरावेत.

५. परिसरातील पिण्याच्या विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, तपासावे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रति लिटर ४५ मि.ग्रॅ. आहे.

६. औद्योगिक सांडपाणी मिसळलेल्या नाल्याचे पाणी कोणत्याही खाद्यपिकास देऊ नये. बंगळुरूच्या पश्चिमेकडील वृषभावती नदी व तिच्यावरील ब्यरमंगल तलाव हे अशा मिश्रणाचे उदाहरण आहे.

शहरातच पडणारे पाणी

सुमारे ७०० चौ. कि.मी. क्षेत्रावर ९७० मि.मी. पाऊस पडतो, असे धरल्यास वर्षाला सुमारे २४ टीएमसी पाणी केवळ शहरावर पडते. कावेरीच्या सर्व टप्प्यांची मिळून वार्षिक क्षमता सुमारे २८.७ टीएमसी आहे. पडणारे सर्वच पाणी साठविता येणार नाही, परंतु त्याचा मोठा भाग गटारांतून वाहून जावा आणि तेवढेच पाणी शंभर कि.मी. अंतरावरून आणावे, ही स्थिती नियोजनाच्या दृष्टीने समाधानकारक नाही.

२००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून १,२०० चौ. फुटांवरील नव्या आणि २,४०० चौ. फुटांवरील जुन्या इमारतींस पर्जन्यजल संकलन सक्तीचे करण्यात आले. १,२०० चौ. फुटांच्या छपरावरून, २० टक्के घट धरूनही, वर्षाला सुमारे ८६,००० लिटर पाणी मिळू शकते. चार माणसांच्या कुटुंबास माणशी १३५ लिटरप्रमाणे ते सुमारे पाच महिने पुरेल. मन्नू वड्डर या परंपरेने विहिरी खोदणाऱ्या समाजाच्या कौशल्याचा उपयोग करून पुनर्भरण विहिरी खोदण्याची मोहीम शहरात चालू आहे. जक्कूर तलावात प्रक्रिया केलेले सांडपाणी पाणथळ वनस्पतींमधून गाळून सोडले जाते. छोट्या प्रमाणावरील हे प्रयोग मोठ्या योजनांना पर्याय नाहीत, परंतु टंचाईच्या महिन्यांत तेच आधार ठरतात.

शहराच्या जलवाहिन्यांतील गळतीही याच हिशेबात येते. मागील दशकात बंगळुरूत पुरविलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी हिशेबाबाहेर जात होते. अलीकडे हे प्रमाण कमी करण्यात आले आहे. गळती थांबवून वाचलेले पाणी कोणत्याही लवादाकडे मागावे लागत नाही.

गावाचा पाणी ताळेबंद : एक उदाहरण

विश्वासार्ह नियोजन सरासरी पावसावर करू नये. गेल्या १९ वर्षांचा वार्षिक पाऊस चढत्याऐवजी उतरत्या क्रमाने लिहावा. त्यातील पंधरावा आकडा हा ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस होय. म्हणजे चार वर्षांपैकी साधारण तीन वर्षे तेवढा किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सिंचनासाठी ही पातळी चालते. पिण्याच्या पाण्यासाठी याहून अधिक विश्वासार्हता धरावी व अठरावा आकडा पाहावा.

उदाहरणादाखल ५०० हेक्टर क्षेत्राचे, २,००० लोकसंख्येचे व ६०० मोठी जनावरे असलेले गाव घेऊ. सरासरी पाऊस ७५० मि.मी., तर ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस ६०० मि.मी. आहे. पुनर्भरण १० टक्के धरले आहे.

• भूजल पुनर्भरण : सरासरी वर्षी ३,७५,००० घनमीटर, विश्वासार्ह पावसावर ३,००,००० घनमीटर.

• पिण्यासाठी, माणशी दररोज ५५ लिटरप्रमाणे : ४०,१५० घनमीटर.

• जनावरांसाठी, दररोज ७० लिटरप्रमाणे : १५,३३० घनमीटर.

• पुढील वर्षासाठी राखीव, पुनर्भरणाच्या २० टक्के : अनुक्रमे ७५,००० व ६०,००० घनमीटर.

• सिंचनासाठी शिल्लक : अनुक्रमे सुमारे २,४४,५०० व १,८४,५०० घनमीटर.

• हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी लागणारे पीक : अनुक्रमे ४९ हेक्टर व ३७ हेक्टर.

म्हणजे पाचशे हेक्टरांच्या गावात भूजलावर अवघ्या ३७ हेक्टरांचे बागायत पीक निर्धास्तपणे घेता येते. ठिबक व आच्छादनामुळे पाण्याची गरज हेक्टरी ३,५०० घनमीटरपर्यंत आली, तर हे क्षेत्र ५३ हेक्टरपर्यंत जाते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र शंभर हेक्टरांपर्यंत वाढविले, तर उपसा पूर्वीपेक्षा अधिक होतो. पाण्याची बचत तीच, जी भूगर्भात शिल्लक राहते. उन्हाळ्यात कूपनलिकेचे पाणी उपसून प्लास्टिक अस्तरित शेततळे भरण्याची प्रथाही याच दृष्टीने तपासावी. त्यात सुरक्षित भूजल बाहेर काढून उन्हात ठेवले जाते व बाष्पीभवनाने त्याचा ऱ्हास होतो. शेततळे पावसाच्या अपधावेने भरावे, हाच त्याचा मूळ हेतू आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावात एक पर्जन्यमापक बसवून त्याची नोंद शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील फलकावर नियमित लिहावी.

२. गावाच्या चार दिशांच्या किमान चार निरीक्षण विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजावी.

३. ऑक्टोबरमधील पातळी पाहून रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत ताळेबंद मांडावा. हिवरे बाजारसारख्या गावांनी दाखवून दिल्याप्रमाणे पिकाचा निर्णय पाण्याच्या मोजणीनंतर घ्यावा.

४. नाचणी, तूर, हुलगा यांसारख्या पावसावर येणाऱ्या पिकांना पीक पद्धतीत निश्चित स्थान द्यावे व त्यांच्या बाजारपेठेकडेही लक्ष पुरवावे.

५. शहरालगतच्या गावांत टँकरने विकल्या जाणाऱ्या पाण्याची नोंद ताळेबंदात घ्यावी. दहा हजार लिटरचे दहा टँकर दररोज भरल्यास वर्षाला ३६,५०० घनमीटर पाणी गावाबाहेर जाते. वरील उदाहरणातील गावाच्या पिण्याच्या गरजेच्या जवळपास हे पाणी होय.

६. शहराचे प्रक्रिया केलेले पाणी घेण्याचा प्रस्ताव आल्यास गुणवत्तेची मर्यादा, तपासणीचे वेळापत्रक व अहवाल गावास मिळण्याची तरतूद करारात आधीच नमूद करून घ्यावी.

समारोप

बंगळुरूने गेल्या सव्वाशे वर्षांत अर्कावतीपासून कावेरीपर्यंत स्रोत बदलले. प्रत्येक वेळी काही वर्षे दिलासा मिळाला आणि मागणी पुन्हा पुढे गेली. दरम्यान जवळचे तलाव व उथळ भूजल हे दोन्ही साठे क्षीण होत गेले. आता तलावांचे पुनरुज्जीवन, पर्जन्यजल संकलन, सांडपाण्याचा पुनर्वापर व गळती नियंत्रण यांकडे वळावे लागत आहे. ही कामे आधी झाली असती, तर दूरच्या पाण्याची गरज कदाचित उशिरा व कमी प्रमाणात भासली असती.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे. शहर व शिवार यांचे पाणी वेगळे नसते. दोघांचे साठे एकाच खडकात व एकाच नदीत असतात. म्हणून शहराचे नियोजन करणाऱ्यांनी शिवाराचा आणि शेतकऱ्यांनी आपल्या भूगर्भाचा हिशेब मांडला पाहिजे. या हिशेबाची सुरुवात येत्या ऑक्टोबरमध्ये गावातील चार विहिरींची पातळी मोजण्यापासून करता येईल. त्यासाठी दोरी, मोजपट्टी आणि एक वही एवढेच साहित्य पुरेसे आहे.